धर्मादा खात्यापासून सामाजिक दायित्वाच्या अहवालापर्यंत

जुन्या व्यापारी पेढीच्या बिलात मालाच्या किमतीखाली काही किरकोळ रकमा ओळीने मांडलेल्या असत : दलाली, हमाली, तोलाई, बारदान आणि सर्वांत शेवटी धर्मादा. दलाल, हमाल व तोलणारा हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असत. बारदान तर मालाबरोबरच घरी येई. शेवटची रक्कम मात्र पेढीच्या चोपड्यात ‘श्री धर्मादा खाते’ या नावाखाली जमा होई, आणि तिचे पुढे काय झाले हे विचारण्याची रीत नव्हती. शेठजी धर्मशील आहेत, एवढी ग्वाही पुरेशी मानली जाई. कुटुंबाच्या मालकीच्या उद्योगाने समाजकार्यावर केलेल्या खर्चाचा जाहीर हिशोब द्यावा काय, आणि द्यावयाचा तर तो कोणाला, हा प्रश्न आज ‘सीएसआर अहवाल’ या नावाने कंपन्यांच्या संचालक मंडळांपुढे येतो. आपल्याकडे त्याचा उगम बिलातील या शेवटच्या ओळीत आहे.

धर्मादा ही शेठजींची देणगी नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ती गिऱ्हाइकाकडून, मालाच्या किमतीव्यतिरिक्त वसूल केलेली रक्कम होती. कापसाच्या गाठीमागे किंवा धान्याच्या पोत्यामागे किती घ्यावयाचे, हे त्या त्या व्यापाराचे महाजन एकमताने ठरवीत व सर्व पेढ्या ते पाळीत. या आकारणीला ‘लाग’ असेही म्हणत. मुंबईत १८३२ साली कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्या सहकारी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली, तिच्या निर्वाहाची तजवीज व्यापारी मालावरील अशा लागेतूनच झाली. पारशी, जैन आणि वैष्णव व्यापारी एका कार्यासाठी एकत्र आले, त्याला भूतदयेइतकीच ही शिस्तबद्ध आकारणीही कारणीभूत होती. महाजनाच्या बैठकीत कोणत्या पेढीकडून किती लाग आली याची चर्चा होई; म्हणजे हिशोब छापला जात नसला तरी तो मागणारे कोणी तरी होते.

अडचण निर्माण झाली ती महाजनाकडे न जाता पेढीतच राहणाऱ्या रकमेबाबत. अनेक पेढ्या आपापले स्वतंत्र धर्मादा खाते ठेवीत आणि त्यावर कुटुंबप्रमुखाचा शब्द चाले. दरवर्षी दिवाळीला नवी वही पुजली जाई, धर्मादा खात्याची शिल्लक नव्या वहीत ओढली जाई आणि ती रक्कम पेढीच्या इतर भांडवलाबरोबर व्यापारात फिरत राही. जे सचोटीचे होते ते त्यावर व्याज जमा करीत, गावी धर्मशाळा बांधीत, पाणपोई चालवीत, विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभारीत. पण त्यांची सचोटी हाच काय तो त्या खात्याचा आधार होता. पेढी बुडाली तर सावकार आपापले लेखी घेऊन दाराशी येत. धर्मादा खात्याच्या वतीने येणारा कोणीच नसे. कुटुंबाचे, व्यापाराचे आणि धर्माचे धन एकाच तिजोरीत, एकाच किल्लीखाली असे. एकत्र कुटुंबाच्या व्यवहारात ते स्वाभाविकही होते, आणि त्यात नेहमीच कपट होते असे समजणे अन्यायाचे ठरेल.

याउलट, तिजोरीबाहेर गेलेल्या दानाचे काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या आकाशरेषेवर उभे आहे. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, १८६५ च्या जुलैत शेअर बाजाराची इमारत ढासळली आणि खुद्द प्रेमचंदांचे वैभव त्यात नाहीसे झाले. विद्यापीठाला दिलेली देणगी मात्र टिकली. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. ही रक्कम केवळ पेढीच्या चोपड्यात जमेच्या बाजूला राहिली असती, तर आज तो मनोरा दिसला नसता.

ब्रिटिश न्यायालयांपुढे हा विषय आला तो मृत्युपत्रांच्या वादातून. १८९९ साली रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईच्या दाव्यात, ‘धरम’ या शब्दाने ठेवलेली देणगी प्रिव्ही कौन्सिलने अनिश्चिततेच्या कारणावरून रद्दबातल ठरविली. कायदा, सदाचार, नैतिक कर्तव्य असे नाना अर्थ असलेला तो शब्द इतका व्यापक आहे की न्यायालयाला त्यावर देखरेख ठेवता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. लंडनच्या न्यायमूर्तींना शब्दकोश पाहून जे उमगले नाही ते मांडवीतील कोणत्याही मुनिमाला उमगत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि न्यायालयाचा मूळ आक्षेप अगदीच निराधार नव्हता. रक्कम कोणत्या कार्यासाठी आहे हे लिहिलेलेच नसेल, तर ती त्या कार्यावर खर्च झाली की नाही हे तपासणार तरी कसे?

स्वातंत्र्यापूर्वी १९३५ साली मुंबई इलाख्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नोंदणीचा कायदा झाला, पण त्याचा आवाका मर्यादित होता. १९४८ मध्ये न्या. तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यातून १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आकाराला आला. प्रत्येक विश्वस्ताच्या परिचयाचे शेड्यूल ८ आणि शेड्यूल ९, वार्षिक लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय ही सर्व याच व्यवस्थेची अपत्ये होत. प्रिव्ही कौन्सिलला ज्या शब्दाच्या कुळाचा अर्थ लागला नव्हता, तोच शब्द अवघ्या ५१ वर्षांनी सरकारी अधिकाऱ्याच्या पदनामात मानाने बसला.

या अधिनियमाचे कलम ५४ मात्र फारसे कोणी वाचत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. व्यापाराच्या रूढीनुसार किंवा करारानुसार धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम गिऱ्हाइकाकडून आकारली जाते तिला या कलमाने ‘धर्मादा’ असे नाव दिले, आणि ती आकारणारा मनुष्य त्या रकमेचा मालक नसून विश्वस्त आहे असे ठरविले. एवढ्यावर न थांबता, त्याचे हिशोबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्या रकमेचा हिशोब विहित नमुन्यात धर्मादाय कार्यालयाकडे सादर करण्याचे बंधनही त्याच्यावर घातले. देऊळ नाही, न्यास नाही, घटना नाही. केवळ बिलात एक ओळ घातल्याने साधा व्यापारी विश्वस्त झाला. पाश्चात्त्य देशांत उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवरचे ग्रंथ नुकते लिहिले जात होते, त्या काळात मुंबई राज्यातील कापडवाला व धान्यवाला कायद्याने वार्षिक सामाजिक हिशोब देण्यास बांधला गेला होता. या कलमाचे पालन किती पेढ्यांनी मनापासून केले हा प्रश्न निराळा; पण तत्त्व कागदावर आले. दुसऱ्याकडून घेतलेल्या पैशाने केलेले सत्कार्य हा आपला खासगी पुण्यसंचय नव्हे, हे ते तत्त्व.

नव्या कायद्याला विरोधही झाला. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या प्रसिद्ध खटल्यात एका सार्वजनिक जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त हे दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या मार्चमध्ये निकाल लागला. नोंदणी, हिशोब आणि लेखापरीक्षण यांची बंधने न्यायालयाने उचलून धरली. परंतु धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद त्याने घटनाबाह्य ठरविली. एका कार्यासाठी दिलेला धार्मिक निधी, ते कार्य शक्य असतानाही, न्यायालयाला योग्य वाटेल त्या दुसऱ्या कार्याकडे वळविण्याचा अधिकारही अमान्य झाला. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण द्रव्य आणि जीवदया यांची खाती परंपरेने निरनिराळी ठेवणाऱ्या समाजाला या निकालातील विचार नवा नव्हता. देवद्रव्याचा पैसा साधारण खात्यात जाऊ नये, हा दंडक जैन पेढीच्या मुनिमाला बाळपणापासून ठाऊक असे. आश्चर्य एवढेच की मंदिराच्या चोपड्यात इतकी काटेकोर असलेली ही विभागणी पुष्कळदा व्यापाराच्या चोपड्यात पोहोचली नाही.

धर्मादा रकमेवर आयकर द्यावयाचा काय, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बिजली कॉटन मिल्स या कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने ठरविले की, गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम पहिल्या क्षणापासूनच धर्मकार्याच्या बंधनासह येते, म्हणून ती व्यापाराचे उत्पन्न नव्हे. १८९९ च्या निर्णयाचा दाखला न्यायालयापुढे होताच. परंतु व्यापारी व्यवहारात धर्मादा शब्दाला निश्चित अर्थ आहे, असे सांगून न्यायालयाने तो बाजूला ठेवला. हा निकाल १९७९ च्या आयकर निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला. उद्योगपतींनी त्याचा आनंद कराच्या बचतीमुळे मानला असेल. त्यातील खरा बोध असा की रक्कम करमुक्त ठरली ती पेढीची नव्हती म्हणूनच.

दरम्यान पेढीचे रूप पालटले होते. कुटुंबांनी गिरण्या काढल्या, गिरण्यांच्या कंपन्या झाल्या आणि त्यांत परक्या भागधारकांचा पैसा आला. तरी मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीमुळे, १९७० मध्ये ती रद्द होईपर्यंत, सूत्रे घराण्याच्याच हाती राहिली. आता घराण्याने शाळा काढली तर पैसा कोणाचा? १९५६ च्या कंपनी कायद्याने या शंकेला एक मार्मिक उत्तर दिले. कंपनीच्या व्यवसायाशी थेट संबंध नसलेल्या धर्मादाय निधीला संचालक मंडळाने द्यावयाच्या देणगीवर त्याने मर्यादा घातली : एक ठरावीक रक्कम किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते. त्यापलीकडे जावयाचे तर भागधारकांच्या सभेची संमती हवी. घराण्याचे औदार्य इतरांच्या खिशातून वाहू नये, अशी ही दक्षता होती.

कर्तव्याच्या बाजूने विचार सुरू झाला तो १९६० नंतरच्या दशकात. १९६५ मध्ये दिल्लीत जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने व्यवसायाच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर परिसंवाद झाला. गांधीजींची विश्वस्तपणाची कल्पना कंपनीच्या चौकटीत कशी बसवावी, हा तेथील विचाराचा गाभा होता. १९७० साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या अंतर्नियमावलीतच समाजाप्रती असलेल्या जबाबदारीचे कलम घातले. असे कलम लिहिणे सोपे असते. या कंपनीने पुढचे पाऊल टाकले म्हणून ती इतिहासात नोंदली गेली. ते कलम प्रत्यक्षात किती पाळले गेले, हे तपासण्यासाठी १९७९ मध्ये बाहेरच्या तिघांना पाचारण करण्यात आले : मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ प्रा. रजनी कोठारी आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांचे पुत्र प्रा. पु. ग. मावळंकर. त्यांचा अहवाल १९८० मध्ये आला. भारतीय उद्योगातील हे पहिले सामाजिक लेखापरीक्षण समजले जाते. जे. आर. डी. टाटांच्या काळातील या निर्णयाचे मर्म हे की कंपनीने आपल्या सत्कार्याची प्रशस्ती स्वतः न लिहिता तपासणीचे काम दुसऱ्याच्या हाती दिले. याच सुमारास, १९७८ मध्ये, न्या. राजिंदर सच्चर समितीने प्रत्येक कंपनीने संचालकांच्या अहवालाबरोबर सामाजिक अहवालही द्यावा अशी शिफारस केली होती. ती त्या वेळी कायद्यात उतरली नाही, आणि टाटांचा कित्ता गिरविणारी घराणीही फारशी निघाली नाहीत.

यानंतरचा तीस-पस्तीस वर्षांचा काळ थोडक्यात आटोपता येतो. उदार अर्थनीतीनंतर कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत गुळगुळीत कागदावर रंगीत छायाचित्रे आली : गणवेशातील मुले, नेत्रतपासणीचे शिबिर, वृक्षारोपण करणारे अध्यक्ष. आकडे क्वचितच असत. २००९ मध्ये केंद्र सरकारने स्वेच्छेने पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मग २०१३ चा कंपनी कायदा आला आणि त्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी आणि त्याचा तपशील संचालकांच्या अहवालात द्यावा. तीन वर्षांचा नफा ८, १० व १२ कोटी असेल, तर सरासरी १० कोटी व खर्च २० लाख, असा हा हिशोब. १९५६ च्या कायद्याने त्याच तीन वर्षांच्या सरासरीवर कमाल मर्यादा घातली होती. २०१३ च्या कायद्याने तीवर किमान मर्यादा घातली.

कौटुंबिक उद्योगांच्या दृष्टीने या कायद्याची खरी धार टक्केवारीत नव्हती. कित्येक घराण्यांचे दान त्याहून मोठे होते. धार होती ती अशी की खासगी मर्यादित कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या. ज्या कंपनीचे सर्व भाग भाऊ, पुतणे आणि सुना यांच्या नावे आहेत, जिचा अहवाल घराबाहेर कोणी वाचत नव्हते, तिलाही कोणते कार्य, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या संस्थेमार्फत व किती रुपयांचे, हे लिहून देणे भाग पडले. ‘आम्ही केलेले दान सांगत नाही’ हा घराण्यांचा जुना बाणा येथे अडखळला. गुप्तदानाची महती आपल्या सर्वच परंपरांत गायिली आहे आणि ती यथार्थ आहे. परंतु गुप्तदान हे स्वतःच्या धनाचे असते. ज्या कंपनीत घराण्याचे ६० टक्के आणि इतरांचे ४० टक्के भाग आहेत, तिने दिलेल्या प्रत्येक रुपयातील ४० पैसे परक्याचे असतात. ते गुप्तपणे देण्याचा अधिकार घराण्याला कोणी दिलेला नाही. आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या इस्पितळाच्या दर्शनी भागावर आजोबांचे नाव कोरावयाचे असेल, तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

प्रारंभी कायद्याची भाषा मवाळ होती. खर्च झाला नाही तर कारण लिहावे, एवढेच. पुष्कळ कंपन्यांनी ‘योग्य प्रकल्पाचा शोध चालू आहे’ हे कारण वर्षानुवर्षे लिहिले. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षेची भाषा आली, तीवर गदारोळ झाला आणि अखेर आर्थिक दंडावर निभावले. जानेवारी २०२१ पासून लागू झालेले नियम अधिक विचारपूर्वक केलेले आहेत. चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत बँकेतील वेगळ्या खात्यात ठेवावी आणि तीन आर्थिक वर्षांत वापरावी. ज्या संस्थेमार्फत कार्य होते तिने मंत्रालयाकडे नोंदणी करावी. ठरल्या कामावर पैसा वापरला गेल्याचे कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याने प्रमाणित करावे. आणि या पैशातून उभी राहिलेली वास्तू कंपनीच्या मालकीची नसावी. पेढीच्या चोपड्यात दिवाळीगणिक पुढे ओढल्या जाणाऱ्या धर्मादा शिल्लकेचे जे दुखणे होते, त्यावरचाच हा उपाय आहे. मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये असा एकूण खर्च सुमारे १० हजार कोटी रुपये होता, तो २०२२-२३ मध्ये ३० हजार कोटींच्या घरात गेला. इतर विकसनशील देशांनीही हा मार्ग आपापल्या परीने चोखाळला : इंडोनेशियाने २००७ मध्ये नैसर्गिक संपत्तीशी संबंधित कंपन्यांवर सामाजिक जबाबदारीचे बंधन घातले, तर मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसने २००९ मध्ये नफ्याच्या २ टक्क्यांचा नियम केला.

तथापि अहवालाच्या नमुन्यात जे रकाने आहेत त्यांतून सर्व काही कळते असे नाही. किती खर्च झाला हे कळते. शाळेच्या नव्या खोलीत शिक्षक आहे काय, हे कळत नाही. कार्याच्या परिणामाचे त्रयस्थाकडून मूल्यमापन केवळ मोठ्या कंपन्यांना आणि मोठ्या प्रकल्पांना बंधनकारक आहे. महाजनाची बैठक संकुचित असेल, आपल्या जातीपलीकडे पाहणारी नसेल, परंतु पांजरापोळीतील गाय भुकेली आहे हे तेथील सभासदाला जाता-येता दिसत असे. मुंबईच्या कार्यालयात बसून नंदुरबार किंवा गडचिरोलीतील कामाचा अहवाल लिहिणाऱ्याला ते दिसत नाही. कंपन्यांचा खर्च कारखाने व मुख्यालये असलेल्या प्रगत राज्यांतच अधिक होतो, ही तक्रारही जुनीच आहे, आणि खर्चाच्या कोष्टकात महाराष्ट्र सातत्याने अग्रभागी राहिला हा तिचा पुरावा आहे.

महाराष्ट्रातील विश्वस्त संस्थांना या इतिहासाचा शेवटचा अध्याय प्रत्यक्ष अनुभवावा लागत आहे, कारण कंपन्यांच्या या निधीचा मोठा वाटा अशा नोंदणीकृत संस्थांमार्फतच खर्च होतो. कंपनीच्या अहवालाच्या जोडपत्रात जी रक्कम एखाद्या वसतिगृहाच्या नावापुढे खर्ची पडलेली दिसते, तीच रक्कम त्या न्यासाच्या शेड्यूल ९ मध्ये जमेच्या बाजूला यावी लागते आणि त्यातून बांधलेली इमारत शेड्यूल ८ मध्ये. पहिला कागद कंपनी मंत्रालयाकडे जातो, दुसरा धर्मादाय कार्यालयात. दोन्ही कागद शेजारी ठेवून रकमा व तारखा ताडून पाहण्यास फारसे हिशोबशास्त्र लागत नाही. जुन्या पेढीतील मुनीम रोजमेळ आणि खतावणी अशीच समोरासमोर ठेवून, बोट फिरवीत, दिवाळीपूर्वी ताळा जुळवीत असे.